माजघरात नेलेलं घरटं

चिमण्या कमी झाल्या म्हणून गळे काढणारी माणसं हल्ली उदंड झाली आहेत. पुण्याहून लाकडी खोकी विकत आणतात, बाल्कनीत टांगतात, आणि चिमणी तिकडे फिरकली नाही की मोबाइलच्या टॉवरला शिव्या घालतात. माझा भाऊ सणसवाडीला कंपनीत आहे. त्याच्या इमारतीत अशी बरीच खोकी लटकली आहेत आणि बहुतेकांत कोळी सुखानं नांदतात. तिथले कावळे मात्र कुणाच्या खोक्याची वाट बघत बसत नाहीत. भंगारातले तारांचे तुकडे चोचीत धरून आणतात, विजेच्या खांबावर घरटं रचतात आणि भर दुपारी अख्ख्या गल्लीची लाइट घालवतात. त्या कावळ्यांसाठी कुणी हळहळत नाही. माणसाला पाखरू आवडतं ते आपल्या सोयीचं. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. केडगावच्या एका बागायतदाराच्या घरानं शिकवलं, नव्वदच्या दशकात, मी पोस्टात नवीन लागले होते तेव्हा.

पाखरांकडे माझं लक्ष लहानपणापासून, पण त्यात हौस कसली नव्हती. शिरूरला आमच्या वस्तीत घरं पत्र्याची. भिंत आणि पत्रा यांच्यातल्या फटीत चिमण्या राहायच्या आणि त्यांच्याखाली आम्ही. त्यांचा कचरा आमच्या ताटात पडायचा, आणि आई आम्हाला आणि त्यांना एकाच दमात शिव्या द्यायची. शेजारच्यांच्या विजेच्या मीटरवर कबुतराच्या जातीतल्या होल्याची जोडी होती. होल्याइतका बेफिकीर संसार मी कुणाचा पाहिला नाही. चार काड्या आडव्यातिडव्या टाकल्या की झालं घर. अंडं घरंगळून फुटलं की थोडे दिवस घुमत बसायचं आणि पुन्हा त्याच मीटरवर तशाच काड्या. माझ्या एका चुलत्यानं दरवेळी नवं दुकान काढलं आणि दरवेळी बुडवलं, ते साधारण याच पद्धतीनं. साळुंक्यांचं उलट. एसटी स्टँडच्या पाटीमागं त्यांची एक जोडी होती, ती येणाऱ्याजाणाऱ्याला इतकं बोलायची की कंडक्टरसुद्धा गप्प व्हायचे. लोकांना पाखरांत निरागसपणा दिसतो. मला त्यांच्यात शेजारी दिसायचे, आणि शेजाऱ्यांबद्दल माझं मत कधीच फारसं चांगलं नव्हतं.

केडगावला नेमणूक झाली तेव्हा मी एकटी होते, लग्न झालेलं नव्हतं, आणि आडनाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा मनातल्या मनात काहीतरी जुळवायला लागायचा. जुळलं की खोली भरलेली निघायची. कुठं पाहुणे यायचे असायचे, कुठं कांदा भरून ठेवलेला असायचा. एका गृहस्थानं तर फार आपुलकीनं सल्ला दिला, "मिशनकडं बघा की, बाई. तिकडं तुमची सोय हुईल." आमची सोय नेहमी दुसरीकडेच चांगली होते, असा लोकांचा ठाम समज असतो.

शेवटी गावाबाहेरच्या एका मळ्यात खोली मिळाली. मालकांना सगळे आप्पा म्हणायचे. ऊस, दोन विहिरी, दारात ट्रॅक्टर. खोली घराच्या मागच्या अंगाला, गोठ्याला लागून, वेगळ्या दाराची. आधीचा भाडेकरूही सरकारी नोकर होता, आणि सरकारी माणूस ठेवल्याचा आप्पांना अभिमान होता. मी ट्रंक, स्टोव्ह आणि वडिलांनी दिलेला फोटो घेऊन राहायला आले. निळ्या कोटातला, आमच्या घराघरांत असतो तो. चौकट जाड सागवानी, काच भारी. खिळ्याला सुतळीनं टांगला की वरची बाजू भिंतीपासून चांगली वीतभर पुढे झुकायची.

मालकीणबाईंना मी काकी म्हणायचे. पहिल्या दिवशी त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, फोटो बघितला, मग मला बघितलं आणि आपण होऊन म्हणाल्या, "आमी काय मानत न्हाई बरं का, बाई."

मी काहीही विचारलेलं नव्हतं.

त्या घरात खरोखरच कुणी काही मानत नव्हतं. आप्पा मानत नव्हते. काकी मानत नव्हत्या. मुलगा तर कॉलेजात जाऊन आलेला, तो मुळीच मानत नव्हता. फक्त सगळे पाळत होते. काकी मला दूध घालायच्या ते इतक्या उंचावरून की त्यांचं माप माझ्या पातेल्याला कधी चुकूनही लागलं नाही, आणि खाली थेंब सांडला नाही. असा हात बसायला पिढ्या लागतात. काहीही द्यायचं झालं की ते ओट्यावर ठेवायचं, मी उचलायचं. दोन वर्षांत माझ्या उंबऱ्याच्या आत त्या घरातलं एक माणूस आलं नाही, अपवाद फक्त सुनेचा. ती शेणाची पाटी घेऊन मागच्या दारी यायची आणि सासूचा डोळा चुकवून माझ्या खोलीत पाच मिनिटं टेकायची.

ती दौंडकडची होती. माझ्याहून लहान, सातवीपर्यंत शिकलेली, हसरी. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. घरात दुसरा विषय नव्हता. दौंडला तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं, तपासण्या झाल्या होत्या. "माझं समदं बरोबर हाय म्हणाली डाक्टरीण. आता ह्यांना घिऊन ये म्हणाली." मग? "मग काय. आत्या म्हणल्या, त्याला कशाला? त्यो काय आजारी हाय?" ती सासूला आत्या म्हणायची.

एकदा मी धीर करून हे काकींपुढे काढलं होतं. नवऱ्यालाही एकदा दाखवून घ्या, म्हटलं. काकींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या बैलाला शाळेत घाला म्हणाले. "बाई, तुमचं लगीन झालं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमास्नी ह्यातलं काय कळायचं?" आणि विषय संपला.

होळीनंतर माझ्या खोलीत चिमण्या आल्या. काळ्या गळ्याचा नर आधी येऊन फोटोच्या चौकटीवर बसला, मागं डोकावला, आणि बायकोला घेऊन आला. मग गवत, सुतळीचे धागे, कोंबडीची पिसं, माझ्या फणीतले केस, असं सगळं फोटोमागं जायला लागलं. मी दोनदा सगळं काढून टाकलं, कारण पोस्टातून येऊन रोज झाडायचा मला कंटाळा होता. दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत नवी भरती. तिसऱ्यांदा मी नाद सोडला. मला त्यांचं प्रेम वगैरे आलं नव्हतं. पण मी घालवायला बघते आहे हे कळूनही जे माझ्या भिंतीवर हक्क सांगतात त्यांच्याबद्दल मला आदर वाटायला लागला, एवढं खरं. चार अंडी झाली. स्टुलावर चढून आरशानं बघितली मी ती, करड्या ठिपक्यांची.

सुनेनं ते पाहिलं आणि भोळेपणानं सासूला सांगितलं. त्याच दुपारी काकी माझ्या उंबऱ्यावर आल्या. आणि मग, दोन वर्षांत पहिल्यांदा, आत आल्या. मला वाटलं घराला आग लागली.

"अगं बया! फोटोमागंच घर केलंय व्हय!" त्यांनी पदर सावरून दोन्ही हात जोडले. फोटोला नाही, फोटोच्या मागच्या गवताला. "बाई, ह्ये लई शकुनाचं असतं. चिमणीनं फोटोमागं घर केलं ना, तर वरसाच्या आत त्या घरात पाळणा हलतो. माझ्या माहेरात हलल्यालं हाय, म्या सोता बघितलंय."

"माझ्या खोलीत?" मी म्हटलं.

"त्येच तर म्हंते मी. तुमच्या खोलीत हलून काय उपेग? आन् हलला तर आमच्या तोंडाला काळंच की."

चिमणीनं पत्ता चुकवला होता. पुढच्या घरात देवांच्या तसबिरी होत्या, आजोबांचा फेटेवाला फोटो होता, लग्नातला फोटो होता, आणि ती बया सगळं सोडून मागच्या खोलीत, निळ्या कोटामागं बसली होती. काकींना याचं खरोखर दुःख झालेलं दिसत होतं. देवानं प्रसाद पाठवला आणि पोस्टमननं तो शेजारी टाकला, अशी त्यांची मुद्रा होती.

त्यावर पहिला उपाय असा निघाला की सुनेनं रोज सकाळी अंघोळ करून माझ्या खोलीत यायचं आणि फोटोखाली तोंड पूर्वेला करून बसायचं. मी पोस्टात जायची तयारी करत असायचे, आणि ही माझ्या चटईवर बसून असायची. वर चिमणी अंड्यांवर, खाली ही. मधूनच वरून गवताची काडी तिच्या डोक्यावर पडायची, आणि ती काडी काकी जपून ठेवायला सांगायच्या. मला हसू यायचं, आणि ते मी लपवायचे नाही. सूनही हसायची. पण एके दिवशी ती हसली नाही.

"बाई, कासुर्डीचे मामा स्थळ आणणार हायत," ती म्हणाली.

मामा म्हणजे काकींचे भाऊ. स्थळ कुणाला, हे विचारायची गरज नव्हती. नवऱ्याची दुसरी करायची आणि हिला माहेरी पोहोचवायची, असं ठरत होतं. हिच्या माहेरी वडील वारलेले, भाऊ कोरडवाहू तुकड्यावर, भावजय आधीच कुरकुरणारी. "तिथं मला कोन ठिवून घेनार? मामा येत्या आइतवारी यायचेत. त्याच्या आत काय तरी..." असं म्हणून ती वर बघायला लागली, चिमणीकडे. पाच वर्षांचा संसार, सगळ्या तपासण्या बरोबर आलेल्या, आणि बिचारीची सगळी मदार एका पाखराच्या शेपटीवर. मला त्या घराचा इतका तिटकारा आला की त्या दिवशी मी त्यांचं दूध घेतलं नाही.

काकींना मात्र माझ्या खोलीतली बैठक पटेना. खोली त्यांची असली तरी चूल माझी होती, आणि त्यांच्या मते पाळणा चुलीच्या मालकिणीचा हलतो. तेव्हा घरटंच माजघरात न्यायचं ठरलं. आप्पांनी योजना आखली. ट्रॅक्टर उघडून परत जोडणारा माणूस, त्यांना घरटं म्हणजे काय मोठं वाटणार? फोटो घरट्यासकट अलगद उतरवायचा, तसाच माजघरात न्यायचा आणि तिथं नव्या खिळ्याला टांगायचा. पण घरटं न्यायचं तर फोटो न्यावा लागणार, हे त्यांच्या ध्यानात जरा उशिरा आलं. काकी आणि आप्पा ओट्यावर बसून बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. मग आप्पा माझ्याकडे आले.

"बाई, फोटोवर आपलं एक देवीचं क्यालेंडर लावलं तर चालंल का? नुसतं वरनं. धूळ बसाय नको म्हणून."

"फोटो जाईल तर उघडा जाईल," मी म्हटलं. "नाहीतर जाणार नाही."

खरं तर मी तो देणारच नव्हते. मी त्यांना सांगितलं की घरटं हलवलं की चिमणी येणार नाही, अंडी वाया जातील. काकी म्हणाल्या, "हात न्हाई लावला म्हंजी येती. अंड्याला मान्साचा हात लागला की मग चिमणी त्याच्याकडं बघत न्हाई. आन् बघितलं तर बाकीच्या चिमण्या तिला वाळीत टाकत्यात."

हे मी शिरूरच्या शाळेतही ऐकलं होतं, लहानपणी. चिमण्यांवर एवढा मोठा आळ घेणारी माणसं कोण असतील हे मला तेव्हाही कळलं होतं. आपली रीत पाखरांच्या गळ्यात अडकवली की ती निसर्गाची होते. आमच्या पत्र्याखालून पडलेली पिल्लं मी याच हातांनी कितीतरी वेळा उचलून वर ठेवली होती, आणि मी खाली उतरायच्या आत त्यांची आई चोचीत अळी घेऊन हजर असायची. मी काकींना आणि आप्पांना समोर बसवून सांगितलं, "चिमणीला हात कुणाचा याचं काही पडलेलं नसतं. तिला जागा ओळखीची लागते. हात लावा, चालेल. जागा हलवू नका." आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दोनदा मान हलवली आणि मग ठरवलं की कुणी हात लावायचा नाही आणि जागा हलवायची.

सून मागच्या दारानं आली. "न्हेऊ द्या, बाई," ती म्हणाली. "निदान मामा येतील तवा घरात कायतरी शकुनाचं आसंल. मी तुमच्या पाया पडते." ती खरंच वाकायला लागली. मी तिला धरलं आणि हो म्हणाले.

फोटो मी उतरवायचा असं ठरलं, कारण "तुमची वस्तू, तुमीच काढा." किती नाजूक शब्दांत सांगता येतं सगळं. मी स्टुलावर चढून सुतळी सोडवली आणि चौकट घरट्यासकट सुनेच्या हातात दिली. पाळणा तिचा हलायचा, म्हणून वाहून न्यायचा मान तिचा. काकी पुढं, आप्पा खिळा-हातोडा घेऊन मागं, मुलगा कुत्र्याला हाकलत, आणि मधे ही, निळा कोट छातीशी धरून चाललेली. अशी मिरवणूक त्या माजघरात त्याआधी कधी गेली नसेल. उंबऱ्यात चौकट जरा कलली, एक अंडं कडेला आलं, आणि सुनेनं झटकन तळवा लावून ते आत ढकललं. काकी पुढं होत्या, आप्पांची मान खाली होती. मी मागून पाहिलं.

आणि फोटो लागला. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला फेटेवाले आजोबा, मधे निळा कोट. संध्याकाळी काकींनी देवापुढं दिवा लावला तेव्हा त्याचा उजेड त्या काचेवरही पडला. माझ्या वडिलांना हे बघायला मिळायला हवं होतं, असं मला फार वाटलं. ते पोट धरून हसले असते. मी तर माझ्या खोलीत जाऊन हसले.

पण चिमण्या माझ्याकडे आल्या. भिंतीवर फोटोच्या जागी एक पांढरा चौकोन राहिला होता, त्याच्यापुढं ती दोघं नवराबायको फडफडत राहिली. खिळ्यावर बसायची, चौकोनाकडे बघून ओरडायची, उडायची, परत यायची. मी काकींना जाऊन सांगितलं, फोटो परत आणा, अजून वेळ आहे. "येतील, येतील, पाखराला कळतं," काकी म्हणाल्या. त्यांनी माजघराच्या खिडक्या उघडल्या, उंबऱ्यापासून फोटोखालपर्यंत तांदळाच्या कण्या टाकल्या. चिमण्या आल्या, कण्या खाल्ल्या आणि पोट भरल्यावर माझ्या खिळ्यावर येऊन ओरडायला लागल्या. अंड्यांवर कुणी बसलं नाही. मुलानं एकदा बॅटरीचा उजेड पाडून ती गरम होतात का बघितलं, तो कॉलेजात जाऊन आलेला ना.

अंडी गार झाली. रविवारी सकाळी मामा आले.

ओट्यावर घोंगडं टाकलं होतं. मामा, आप्पा, मुलगा बसलेले, काकी दाराशी, आणि सून खांबाला टेकून उभी. मला बोलावलं नव्हतं, पण माझा फोटो आत होता, म्हणून मी गेले. मामांनी आत जाऊन घरट्यात बघितलं, एक अंडं उचलून कानापाशी हलवलं आणि बाहेर येऊन तंबाखू मळत म्हणाले, "ग्येलं समदं. पाखरानं टाकून दिलं."

मग काकी सुनेकडे वळल्या.

"खरं सांग. उंबऱ्यात तू थांबली हुतीस. हात लावलास का अंड्याला?"

आता काय होणार हे मला स्पष्ट दिसत होतं. हिच्या हातानं अंडी गेली, म्हणजे हिच्या हाताला फळ नाही, म्हणजे देवानंच सांगितलं. मामांच्या खिशात स्थळ तयार होतं, आणि त्यांना हवा असलेला दाखला घोंगड्यावर आयता येऊन पडणार होता. सुनेचा चेहरा पांढरा पडला होता. तिला खोटं बोलता येत नव्हतं. तिनं तोंड उघडलं.

"हात माझा लागला," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"फोटो उतरवताना. सगळ्या अंड्यांना लागला. चांगला लागला."

"तरीच!" काकी म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर अशी सुटका पसरली की जणू वर्षानुवर्षांचं कोडं सुटलं. मामांनी तंबाखूची चिमूट ओठात धरली आणि मान डोलावली. आप्पा तर चक्क माझी समजूत घालायला लागले. "असू द्या, बाई. तुमी मुद्दाम थोडंच केलंय? व्हतं असं." त्या घरात माझ्याशी बोललेलं सगळ्यात मायेचं वाक्य ते.

मी त्यांना डॉक्टरचं सांगितलं होतं, ते पटलं नव्हतं. चिमणी जागा हलवल्यावर येत नाही हे सांगितलं होतं, तेही पटलं नव्हतं. चांगलं समोर बसवून, समजावून. आणि हे एक वाक्य, शेंडाबुडखा नसलेलं, घोंगड्यावर टाकल्याबरोबर सगळ्यांच्या गळ्याखाली उतरलं. पुरावा कुणी मागितला नाही. माझे वडील ज्या एका गोष्टीविरुद्ध जन्मभर लोकांच्या दारात भांडले, ती मी स्वतःच्या तोंडानं कबूल करून बसले होते. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. संताप मात्र असा झाला की मी मान खाली घालून पदराला पीळ घालत राहिले, आणि काकींना वाटलं मी घाबरले.

"मग ह्यात पोरीचा काय दोष न्हाई," मामा म्हणाले. "वरीसभर दम धरू. पुढच्या साली बगू." स्थळ खिशातल्या खिशात राहिलं. सून खांबाला धरून हळूहळू खाली बसली.

मग आप्पांनी माझा फोटो स्वतः उतरवला, टॉवेलात धरून. गवत उकिरड्यावर गेलं. आणि फोटो ओट्यावर ठेवता ठेवता ते हळूच म्हणाले, "बाई, खोलीचं तेवढं दुसरीकडं बघा. माझं काय न्हाई, पर बायामान्सांच्या मनात उगं राहतं." ते तर मुळात काही मानतच नव्हते.

दौंडला स्टेशनच्या अलीकडे, आमच्याच लोकांच्या वस्तीत, मला खोली मिळाली. तिथून लोकलसारखी शटल पकडून केडगावला यायचं, एवढंच. सामान न्यायला छोटा टेम्पो आणला. ट्रंक चढवली, स्टोव्ह चढवला, फोटो मी मांडीवर घेणार होते. मळ्यात कुणी बाहेर आलं नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

सून तेवढी गोठ्याच्या बाजूनं धावत आली. हात शेणानं भरलेले तसेच होते. मला वाटलं रडेल, आभार मानेल. तिला ठाऊक होतं मी का बोलले, असं मी धरून चालले होते. उंबऱ्यात तिनं स्वतः त्या अंड्याला तळवा लावला होता, मग तिला नाही तर कुणाला ठाऊक असणार?

तिनं आजूबाजूला बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "बाई, माझा यकाच अंड्याला लागला हुता, आन् त्यो बी जरासाच. तुमचा समद्यांना लागला नसता, तर झालं असतं का वो मला?"

तिच्या विचारण्यात माझ्यावर राग नव्हता. नुसती आशा होती. नाही म्हणाले असते तर ते खरं झालं असतं, पण मग पुढचं वर्षभर तिच्याजवळ काय उरलं असतं?

"झालं असतं," मी म्हणाले, आणि ड्रायव्हरला टेम्पो काढायला सांगितला.